आठ गुरुवारांचा तक्ता

गणपतीच्या तोंडावर एक दिवस माझ्या नवऱ्यानं आम्हा सगळ्यांना घरात बसवून जाहीर केलं, की इथून पुढं दर गुरुवारी संध्याकाळी कुणी कुठं जायचं नाही. मी भाकरी थापत होते, माझा हात तसाच थांबला. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत गुरुवारी संध्याकाळी घरात नसणारा माणूस एकच होता, तो म्हणजे हाच.

नवऱ्याचं नाव शंभू. तोंडावर मी घेत नाही, इथं घेते, नाहीतर कोण काय बोललं ते कळायचं नाही. शिक्रापूरच्या पुढं हायवेला लागून एक कंपनी आहे, तिथं तो मशीनवर होता. गुरुवारी कंपनी बंद. म्हणजे सकाळी उशिरापर्यंत झोप, दुपारी अंड्याचं कालवण, आणि चार वाजले की मोटरसायकलला किक मारून चौकात. तिथं काय करायचा देव जाणे. विचारलं की "कुठं काय, बसलो व्हतो," एवढंच.

आणि आता हाच माणूस सांगत होता, "पाच ते नऊ घरीच. टीव्ही बंद. पोरांसंगं खेळायचं, आबांनी गोष्ट सांगायची, आन् सगळ्यांनी एकत्र जेवायचं."

"टीव्ही तर तसाबी बंदच असतो, लाईट कुठं असती?" मी म्हटलं.

तो हसला. भांडला नाही, हे पहिलं नवल. मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पिठाच्या खळीनं भिंतीला चिकटवला. कंपनीतला छापील तक्ता होता. तारीख, काम, जबाबदार आणि शेरा असे रकाने. शंभूनं पेनानं आठ गुरुवारांच्या तारखा लिहिल्या होत्या. पहिल्या गुरुवारी दूध-भाकरीचा काला, जबाबदार धनश्री. दुसऱ्या गुरुवारी गोष्ट, जबाबदार आबा, म्हणजे माझे सासरे. तिसऱ्या गुरुवारी शेंगोळी, पुन्हा जबाबदार धनश्री. घरात मजा करायची तर तिची जबाबदारीही माझीच, हे मला त्या कागदावरून समजलं.

पोरं खूश झाली. हर्षदा सहा वर्षांची, पहिलीत जायची, तिनं ओळीवर बोट ठेवत आपलं नाव शोधून काढलं. रुद्र तीन वर्षांचा, त्याला काहीच कळलं नाही तरी त्यानं टाळ्या वाजवल्या.

पहिल्या गुरुवारी मी ताटं मांडायला लागले, तर शंभू म्हणाला, "ताटं नगं. मोठी परात काढ. सगळे एकाच परातीत जेवू."

माझ्या सासूबाई, रतनबाई, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून लेकाकडं पाहिलं. शंभूनं परातीत भाकऱ्या कुस्करल्या, दूध ओतलं, गूळ चुरला आणि पोरांना हातानं भरवलं. सासऱ्यांनी, त्यांना मी मल्हारीमामा म्हणते, मिशा दुधात बुडवून पोटभर खाल्लं. सासूबाईंनी दोन घास घेतले आणि दात दुखतोय म्हणून उठल्या. जेवण झाल्यावर शंभूनं शाळेच्या खडूनं जमिनीवर वाघ-बकरीचा डाव आखला. हर्षदाला बकऱ्या दिल्या, आपण वाघ घेतला. बकऱ्यांनी वाघाला चारी बाजूंनी कोंडलं की वाघ हरला. तो मुद्दाम हरत होता, हे मला लांबून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी हौदावर कपडे धुताना सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"धना, त्यानं परात का गं मागितली?"

"हौस आली असंल, आत्या."

"हौस न्हाई ती. तुला ठावं न्हाई, तू नंतर आलीस."

मग त्यांनी सांगितलं. आमचं घर मूळचं मेंढरांचं. मल्हारीमामा दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेला लागायचे, ते पावसाच्या आधी माघारी. मामांचा भाऊ आणि भावजय बरोबर असायची. सासूबाई लेकरांच्या शाळेपायी आणि रानाच्या तुकड्यापायी मागं राहायच्या. शंभू दहावीला असताना मेंढरं विकली. आता दारात तीन शेळ्या उरल्यात, आणि मेंढरं कोंडायचं जुनं वाडगं, त्याची निम्मी भिंत पडलेली.

"वर्षभरात तुझ्या सासऱ्यानं पोरांना कवा जवळ घेतलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "घरी असला तरी पारावर. पर निघायच्या आदल्या सांजेला परात मांडायचा. काला करायचा, हातानं भरवायचा, वाघ-बकरी खेळायचा आन् मुद्दाम हरायचा. सकाळी उठावं तर घोडं बी न्हाई आन् माणूस बी न्हाई. आठ महिने मी नवरा असून बिननवऱ्याची." त्यांनी पिळलेलं धोतर बादलीत आपटलं. "आपल्यातला पुरुष घरात बसला म्हंजी तो निघाला, धना. ध्यानात ठेव."

हर्षदा तिथंच बाहुलीचं फडकं धूत बसली होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष होतं?

मी हसण्यावारी नेलं. पण कुसळ पायात मोडलं की चालताना टोचतंच. त्या दिवसापासून शंभूनं काही चांगलं केलं की मी त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. त्यानं रुद्रला खांद्यावर घेतलं की वाटायचं, का घेतलं? हर्षदाच्या वह्यांना कव्हरं घातली, का घातली? असला नवरा मिळावा म्हणून बायका उपास करतात, आणि मी त्याच्या पाळतीवर होते.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी तो मला विहिरीवर घेऊन गेला आणि मोटर कशी चालू करायची ते शिकवलं. स्टार्टर कुठं दाबायचा, पाणी नाही ओढलं तर काय करायचं, सगळं दोनदा सांगितलं. आठ वर्षांत त्यानं मला त्या पेटीला हात लावू दिला नव्हता. त्या संध्याकाळी माझी शेंगोळी खारट झाली. कुणी काही बोललं नाही. शंभूनं तर दोनदा घेतली, त्याचाही मला संशय आला.

मग गिरणीत भैरू भेटला. शंभूच्याच लाइनवर काम करणारा, तोंडाचा फाटका माणूस.

"काय वैनी, आता काय, साहेबाची बायको!"

"कसला साहेब?"

"शंभू बोलला न्हाई व्हय? बरं, ऱ्हाऊ द्या. त्येच सांगंल." आणि पिठाचा डबा उचलून तो पळाला. मी दळण तिथंच ठेवून त्याच्या मागं जाणार होते, पण गिरणीत चार बायका बघत होत्या.

पाचव्या गुरुवारच्या आधी महिनाभर खुंटीला पडलेली कंपनीची जुनी पँट धुवायला घेतली तर मागच्या खिशात पत्र. इंग्रजीतलं, कंपनीच्या शिक्क्याचं. मी बारावी नापास आहे, पण इंग्रजीत नाही, गणितात. शब्द लावत लावत वाचलं. उत्तराखंडात कंपनीचा नवा प्लांट. शंभूचं नाव, पुढं सुपरवायझर. हजर व्हायची तारीख एक नोव्हेंबर. फॅमिलीची राहायची सोय पहिली दोन वर्षं नाही, हेही लिहिलेलं होतं.

मी पत्र तसंच घडी करून ठेवलं आणि घरात जाऊन भिंतीवरचा तक्ता बघितला. आठवी ओळ पंचवीस ऑक्टोबरची. त्याखाली काही नाही. सगळं जुळत होतं. आठ गुरुवार पोरांना गोड बोलायचं, काला भरवायचा, बायकोला मोटर शिकवायची, आणि नवव्या गुरुवारी उत्तराखंड. सासऱ्यांनी एका संध्याकाळीत उरकलं ते लेकानं आठवर नेलं होतं, फरक एवढाच.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. मी विचारणार नव्हते. एक तर मीच त्याला गेली दोन वर्षं टोचत होते, "लाइनवर किती दिस मशीन दाबणार, माझा भाऊ बघा कुठं गेला." आणि दुसरं, विचारलं असतं तर तो मला समजावत बसला असता आणि मी ऐकलं असतं. मला ऐकायचं नव्हतं. आठ महिने बिननवऱ्याची राहून म्हातारपणी हौदावर सुनेला ते सांगत बसायचं, हे मला नको होतं. भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

सातव्या गुरुवारी फक्त एवढं म्हटलं, "तक्ता संपत आला. पुढं काय?"

तो हर्षदाच्या बकऱ्या मांडत होता. "बघू की," म्हणाला.

त्या 'बघू की'नं माझं ठरलं. तो मला सोडून जायच्या आधी मीच जायचं. माझं माहेर कासुर्डी. शुक्रवारी तो पहिल्या शिफ्टला गेला की पोरांना घेऊन चौफुल्याची गाडी धरायची. परत कधी यायचं ते तो मागं आला तर बघू. मी कापडी पिशवीत माझ्या दोन साड्या आणि पोरांचे कपडे भरले आणि पिशवी ज्वारीच्या कोठीमागं सारली. सासूबाईंनासुद्धा बोलले नाही.

आठव्या गुरुवारी तक्त्यावर लिहिलं होतं, काला, जबाबदार सगळे. शंभूनंच भाकऱ्या कुस्करल्या. मामा हात धुऊन मांडी घालून बसले, रुद्र त्यांच्या मांडीवर. सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. परातीत दूध ओतलं आणि बघतो तर हर्षदा नाही.

"असंल भायेर," शंभू म्हणाला आणि हाक मारली. शेजारच्या साळूबाईकडं नव्हती, हौदावर नव्हती, शेळ्यांपाशीही नव्हती. विहिरीकडं मी धावत गेले. पाणी नितळ होतं. तेवढ्यात वाडग्याकडून शंभूची हाक आली.

पडक्या भिंतीच्या आडोशाला, जिथं पूर्वी कोकरं बांधायचे तिथं, हर्षदा बसली होती. खाली मातीत नाही, तर माझ्या कापडी पिशवीवर. एक मूठ घट्ट मिटलेली, आणि मुठीतून मोटरसायकलच्या किल्लीचा लाल गोंडा बाहेर आलेला.

"चल, जेवायला बसलेत सगळे," शंभू म्हणाला.

"मी न्हाई जेवणार."

"का?"

"सगळे परातीत जेवले की तुम्ही जाणार. मी न्हाई जेवले तर सगळे न्हाई झाले."

शंभूला काही समजेना. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "कुठं जाणार मी?"

"आबा जायचे तसं. आजी म्हणली. आणि तक्ता आज संपला." मग तिनं खालच्या पिशवीवर हात आपटला. "आन् आई बी जाणार. आईनं बी पिशवी भरलीय."

शंभूनं पिशवीकडं पाहिलं. बंदातून माझ्या हिरव्या साडीचा काठ दिसत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. आठ आठवडे मी ज्या नजरेनं त्याला बघत होते, त्याच नजरेनं तो मला बघत होता.

"ही पिशवी कशाची, धना?"

"आधी तुमच्या खिशातल्या पत्राचं सांगा," मी ओरडले. "एक नोव्हेंबर! पोरीला कळतंय आन् मला कळंना व्हय?"

"ते पत्र?" तो म्हणाला. "ते पत्र आलं त्याच दिवशी मी न्हाई म्हणून लिहून दिलं. गणपतीच्या आधी. आता भैरूचं नाव लागलंय तिकडं, तवापासनं त्यो मला साहेब म्हणून चिडवतोय."

मागं मामा आणि सासूबाई येऊन उभे राहिले होते.

"मंग बोलला का न्हाई?" मी विचारलं.

"काय बोलू? कंपनीत सगळे येडा म्हणले. घरात तू भावाचं नाव घेऊन टोचती. तुला सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, हातची सुपरवायझरी घालवली." तो खाली मातीकडं बघत होता. "पोरांना सोडून दोन वर्षं मला जमायचं न्हाई, एवढंच. मंग वाटलं, जात न्हाई तर इथं तरी नीट ऱ्हाऊ."

"आन् आठच गुरुवार का?"

"कंपनीच्या कागदावर आठच ओळी असत्यात."

"आन् मोटर?"

"लाईट आली की डाव सोडून मलाच विहिरीवर पळावं लागतंय, म्हणून."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. सासूबाई मात्र सोडायला तयार नव्हत्या.

"मंग परात कशापायी मांडलीस?" त्यांनी लेकाला विचारलं. "तुला ठावं न्हाई का, आबा ती कवा मांडायचे?"

"मला परात आठवती, आये," तो म्हणाला. "आबांच्या हातचा काला आठवतो. वर्षातनं एकदाच मिळायचा. मला वाटलं, माझ्या पोरांना दर आठवड्याला मिळावा. सकाळचं मला काय आठवतच न्हाई."

एकच संध्याकाळ. त्याला त्यातला काला आठवत होता आणि त्याच्या आईला दुसऱ्या दिवशीचा घोड्याचा रिकामा खुंटा. आणि मी त्या घरात नव्हतेच, तरी सासूबाईंच्या डोळ्यांनी बघून मोकळी झाले होते.

मल्हारीमामा पडक्या भिंतीला हात लावून उभे होते. "पावसाळ्यात चार महिने मी घरीच असायचो," ते सावकाश म्हणाले. "तवा बी मांडता आली असती परात. कुणी नगं म्हणलं व्हतं?"

"कुणी न्हाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक होता, पण त्यांनी मामांच्या खांद्यावरची माती झटकली.

एवढं सगळं झालं तरी हर्षदा काही पिशवीवरून उठली नाही. मोठ्या माणसांच्या बोलण्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि तिचं काय चुकलं? शेवटी तिनंच तोड काढली. ती घरात येईल, पण जेवणार नाही. तिचा घास वाटीत झाकून ठेवायचा. सकाळी उठल्यावर पप्पा आणि आई दोघं दिसले तर खाईल. किल्ली आणि पिशवी तिच्याकडंच राहणार. आम्ही कबूल झालो. त्या रात्री ती पिशवीला मिठी मारून झोपली, किल्ली मुठीत.

शुक्रवारी शंभूची पहिली शिफ्ट होती. सहाला निघावं लागतं. तो साडेपाचला तयार होऊन तिच्या अंथरुणापाशी बसला. मूठ सैल झाली होती, किल्ली सहज काढता आली असती. मी खूण केली, काढा. त्यानं मान हलवली. सहा वाजले, साडेसहा वाजले. कंपनीत पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला असेल. त्यानं बूट काढून ठेवले आणि भिंतीला टेकून बसला. मी चहा दिला, तो त्यानं आवाज न करता प्यायला.

सात वाजून गेल्यावर हर्षदानं डोळे उघडले. आधी त्याला बघितलं, मग चुलीपाशी मला. उठली आणि वाटीवरचं झाकण काढलं. दूध रात्रीतून आंबलं होतं, घरभर वास आला. मी म्हटलं, टाक ते, ताजा करून देते. तिनं ऐकलं नाही. एक घास आपण खाल्ला, एक शंभूला भरवला. त्यानं तोंड वाकडं न करता गिळला. तिसरा मला. इतका आंबट काला मी आयुष्यात खाल्ला नाही.

मग तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "आता जावा. सांजच्याला या," म्हणाली. शाळेच्या बाई पोरांना सांगतात तसं.

तो गेला, अर्धा दिवस भरला, संध्याकाळी वेळेवर घरी आला. येताना कंपनीतून तसलेच कोरे तक्ते आणले, एक नाही, अख्खा गठ्ठा. ते मी एकाखाली एक चिकटवत गेले, पार जमिनीपर्यंत.

किल्ली तिनं त्याला दिली. माझी पिशवी तिच्या उशाखाली आहे. हिरवी साडी लग्नसराईत नेसायची होती म्हणून दोनदा मागितली. तिनं अजून दिलेली नाही.